आधी मोजा, मग बोला



आज आम्ही एका हिशेबाबद्दल बोलणार आहोत. बचतीचा किंवा कर्जाच्या हप्त्याचा हिशेब नव्हे, तो तुम्हांला आमच्यापेक्षा चांगला येतो. आजचा हिशेब विजेचा. त्यात एक भागाकार आहे आणि एक गुणाकार. हे दोन्ही आम्हांला वेळेवर सुचले असते, तर गेल्या श्रावणात आमच्या गटातल्या एका वहिनींना भर बैठकीत मान खाली घालावी लागली नसती. म्हणून आधी ती हकिगत सांगतो, मग हिशेब.

आमचा गट कोकणातला, बारा जणींचा. सांडगी मिरची, कोहळ्याचे सांडगे, नाचणीचे पापड असा माल आम्ही करतो. उन्हाळ्यात खळ्यात वाळवण घातलं की काम भागतं. पण मिरचीला खरी मागणी येते ती गणपतीत, मुंबईकर गावी येतात तेव्हा. आणि तेव्हा तर ऊन दिसत नाही. म्हणून गटाने कर्ज काढून विजेवर चालणारा ड्रायर घेतला. लोखंडी कपाटासारखा, आत जाळीचे ट्रे, खाली हीटर, मागे छोटा पंखा. विकत घेण्याआधी आम्ही शहरात जाऊन तो चालवून पाहिला होता. भरलेल्या मिरचीची एक खेप आठ तासांत कोरडी झाली. आम्ही खूश झालो.

गावी आणल्यावर ड्रायर मांगरात ठेवला. गटाच्या नावाचं मीटर घराच्या ओटीवर आहे आणि मांगर तिथून चाळीस मीटर लांब. मधे वायर ओढायची होती. घरात पडलेली जुनी बारीक वायर सापडली. तीन तुकडे होते, ते पीळ मारून जोडले, वर चिकटपट्टी गुंडाळली. तेवढेच पैसे वाचले, असं तेव्हा वाटलं.

ड्रायर सांभाळायचं काम या वहिनींकडे दिलं होतं. त्यांना खेपेमागे ठरलेले पैसे मिळायचे, तासावर नाही. आणि झालं असं, की आठ तासांची खेप सोळा तास झाले तरी हाताला ओलसर लागायची. वहिनी रात्र रात्र मांगरात बसायच्या. एका खेपेतल्या नऊ किलो मिरचीला आंबूस वास आला, पांढरी बुरशी धरली. सगळा माल खड्ड्यात पुरावा लागला. त्यात विजेचं बिल आलं, तेही अंदाजापेक्षा जास्त.

मग बैठक झाली. बैठकीत काय बोललं गेलं ते ऐका.

"वहिनी, तुम्ही मधे बंद करून झोपता काय?"

"दार सारखं उघडून बघत असाल. गरम हवा जाते ना सगळी!"

"बंद ठेवत असतील तर मग बिल कसं वाढलं? मांगरातून दुसरीकडे कुठे लाईट घेतली नाही ना?"

वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, मी हातसुद्धा लावत नाही. चालू करते नि बसून राहते."

कुणी ऐकलं नाही. वाया गेलेल्या मालापोटी पाचशे रुपये दंड, असा ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला गेला. समन्वयक म्हणून आम्ही तिथेच बसलो होतो आणि आम्हीही काही बोललो नाही. हे आज सगळ्यांसमोर कबूल करतो.

नागपंचमीला एका काकींची मुलगी घरी आली. ती आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकते. आईने तिला हा सगळा प्रकार सांगितला. ऐकून तिने एकच प्रश्न विचारला, "तुम्ही कुणी मोजलंत का?"

"काय मोजायचं?"

"ड्रायरला व्होल्टेज किती मिळतंय आणि तो करंट किती घेतोय ते."

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. आमच्यातल्या बहुतेकींचं विज्ञान दहावीलाच सुटलं. बी.ए. झालेल्यांचंही तेच. तिने मग आम्हांला खळ्याच्या कडेला बसवून जे समजावलं, तेच आज तुम्हांला सांगतो.

आपल्या नळयोजनेची टाकी टेकडीवर असते. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. विजेतल्या या जोराला दाब म्हणतात, म्हणजेच व्होल्टेज. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घराला २३० व्होल्टचा पुरवठा यायला हवा. नळातून किती पाणी वाहतं, तशी वायरमधून किती वीज वाहते, ती धारा, म्हणजे करंट. ती अँपिअरमध्ये मोजतात. पाइप बारीक असेल, लांब असेल, आत गाळ असेल, तर पाणी अडतं. विजेच्या वाटेतल्या या अडवणुकीला रोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. आणि जोर व वाहणं मिळून जे काम होतं, त्याचा वेग म्हणजे शक्ती, ती वॅटमध्ये.

आता ते दोन हिशेब. दाबाला धारेने भागलं की रोध मिळतो. दाबाला धारेने गुणलं की शक्ती मिळते. पुन्हा सांगतो, कागद असेल तर लिहून घ्या. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट.

यातला पहिला हिशेब गेओर्ग ओहम या जर्मन माणसाने १८२७ साली पुस्तकात मांडला. त्यांचे वडील कुलपं बनवणारे कारागीर, आणि ते स्वतः शाळेत शिकवायचे. वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन, प्रत्येकीतून किती वीज वाहते ते मोजून त्यांनी हा नियम काढला. सुरुवातीला त्याची फारशी कदर झाली नाही. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं, आणि आज रोधाचं माप त्यांच्याच नावाने चालतं.

आता मांगरात चला. ड्रायरच्या मागे पत्र्याची एक पट्टी असते. तिच्यावर लिहिलं होतं, २३० व्होल्ट, हीटर २००० वॅट. म्हणजे पुरता दाब मिळाला तर हीटर किती धारा घेईल? २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर. आणि हीटरचा रोध? २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण २६.४ ओहम. हे झालं कागदावरचं.

मग मुलीने पंखा बंद ठेवला, फक्त हीटर चालू केला आणि मोजलं. तिच्याकडे एक मल्टिमीटर होता आणि दुसरा क्लॅम्प मीटर. क्लॅम्प मीटर चिमट्यासारखा असतो. एका वायरभोवती त्याचा जबडा मिटला की वायर न कापता आतली धारा कळते. ड्रायरपाशी दाब भरला १७२ व्होल्ट. धारा ६.५ अँपिअर.

"आता भागा," ती म्हणाली. १७२ भागिले ६.५. आम्ही मोबाइलवर भागलं, उत्तर आलं २६.५. कागदावर २६.४, मोजून २६.५. म्हणजे हीटर अगदी ठीक होता. तार तुटलेली नव्हती, यंत्र फसवं नव्हतं, कुणी त्यात हातही घातला नव्हता.

"आता गुणा." १७२ गुणिले ६.५ बरोबर १११८. दोन हजार वॅटचा ड्रायर अकराशे वॅटवर चालला होता!

एका काकींनी लगेच विचारलं, "अगो, दाब तर पाऊणपट आहे. मग काम निम्म्यावर कसं आलं?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि खरी गोम तिथेच आहे. हीटरचा रोध तोच राहतो. त्यामुळे दाब पाऊण झाला की धाराही पाऊण होते. आणि शक्ती म्हणजे दोन्हींचा गुणाकार. पाऊण गुणिले पाऊण. जुन्या हिशेबाने सांगायचं तर बारा आण्यांतले बारा आणे, म्हणजे रुपयातले नऊच आणे. सोळा आणे काम व्हायला हवं तिथे नऊ आणे होत होतं. आठ तासांची खेप या हिशेबाने चौदा तासांच्या वर जाते. शिवाय ड्रायर जितका जास्त वेळ चालेल, तितकी त्याच्या पत्र्यातून बाहेर जाणारी उष्णताही वाढते. म्हणून प्रत्यक्षात सोळा तास लागत होते. वहिनींचा शब्द न् शब्द खरा होता.

मग उरला बिलाचा प्रश्न. त्यासाठी मुलीने ओटीवर मीटरपाशी जाऊन दाब मोजला. हीटर चालूच होता. तिथे १९६ व्होल्ट होते. ओटीवर १९६ आणि मांगरात १७२. मधले २४ व्होल्ट गेले कुठे? मधे तर फक्त आमची ती वायर होती!

तिचाही हिशेब केला. २४ भागिले ६.५ म्हणजे ३.७ ओहम. हा त्या वायरचा आणि तिच्या पीळ मारलेल्या जोडांचा रोध. आणि २४ गुणिले ६.५ म्हणजे १५६ वॅट. छताचे दोन पंखे फिरतील एवढी वीज ती वायर नुसती तापण्यात घालवत होती. आम्ही जोडाजवळ वरून हात नेला तर ऊब लागली. त्या मांगरात सुकं गवत होतं, सरपण होतं. मैत्रिणींनो, तेव्हा अंगावर काटा आला. दंड कुणाला करायचा यावर आम्ही तासभर भांडलो होतो, आणि डोक्यावर आग लागायची तयारी चालली होती.

आता बिल. हजार वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. ड्रायर नीट चालला असता तर २००० वॅट गुणिले ८ तास, म्हणजे १६ युनिट. आमचा ड्रायर आणि वायर मिळून १२७४ वॅट घेत होते, आणि ते सोळा तास. म्हणजे २० युनिटांच्या थोडं वर. दर खेपेला चारपेक्षा जास्त युनिटं फुकट. त्यांतली अडीच एकट्या वायरने खाल्ली, बाकीची लांबलेल्या तासांनी. काम कमी आणि बिल जास्त, हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं, याचं उत्तर मिळालं. दुसरीकडे कुणी लाईट घेतली नव्हती.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या.

पहिली, वायर बदलली. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची सलग वायर घेतली, मधे एकही जोड नाही. चाळीस मीटर जायला आणि चाळीस यायला, अशा ऐंशी मीटरचा रोध भरला साधारण ०.६ ओहम. आधी ३.७ होता. वायर जितकी जाड आणि जितकी कमी लांब, तितका रोध कमी. काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घेतलं आणि अर्थिंगही तपासून घेतलं.

दुसरी, ओटीवरच १९६ व्होल्ट का येतात, हे शोधायचं होतं. सकाळ, दुपार, रात्र अशा तिन्ही वेळा दाब मोजून घेतला. हीटर चालू असताना तो १९० ते २०० च्या मधेच होता. हे आकडे तारीख-वेळेसह अर्जात लिहिले आणि अर्ज वीज कार्यालयात दिला. "लाईट कमी येते" असं तोंडी सांगणं वेगळं आणि आकडे लिहून देणं वेगळं. आठवड्याभराने लाइनमन आले. आमच्या कनेक्शनचा खांबावरचा जोड सैल झाला होता, तो त्यांनी घट्ट करून दिला.

मग पुन्हा मोजलं. ओटीवर २२२ व्होल्ट, ड्रायरपाशी २१७, धारा ८.२ अँपिअर. तुम्हीच गुणा. साधारण १७८० वॅट. खेप साडेनऊ तासांत कोरडी होऊ लागली. सकाळी नऊला लावली की संध्याकाळी साडेसहाला ट्रे बाहेर. रात्र जागायचं कामच उरलं नाही. गणपतीच्या ऑर्डरी चतुर्थीच्या दोन दिवस आधी पोचत्या झाल्या.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पुढच्या बैठकीत दंडाचा ठराव रद्द केला. नुसती रेघ मारली नाही. रद्द का केला, ते सगळे आकडे इतिवृत्तात लिहिले आणि त्याखाली बाराही जणींनी सह्या केल्या. वहिनींनी रात्रभर बसून काढलेल्या जादा तासांचे पैसे त्यांना दिले. आम्ही त्यांची माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "पैशांचं काही नाही हो. लाईट चोरली म्हणालात ना, ते लागलं."

मैत्रिणींनो, यंत्र बोलत नाही. म्हणून यंत्राचा दोष त्याच्याजवळ बसलेल्या बाईच्या माथी येतो. गिरणी हळू चालली तर गिरणीवालीचा दोष, भात कच्चा राहिला तर सुनेचा दोष. भात विजेच्या शेगडीवर असेल तर कधी तरी व्होल्टेजचाही दोष असू शकतो!

आता काही सावधगिरीच्या गोष्टी.

हे भागाकाराचं सूत्र हीटर, इस्त्री, गिझर, कॉइलची शेगडी यांना लागू पडतं. मोटर असलेल्या यंत्रांना, म्हणजे गिरणी, मिक्सर, पंप यांना ते तसंच लावू नका. मोटरची तऱ्हा वेगळी असते. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तर येणारा आकडा खऱ्या वॅटपेक्षा मोठा असतो. आणि दाब उतरला की हीटर कमी धारा घेतो, पण दळणाचा भार असलेली मोटर उलट जास्त धारा ओढते आणि तापते. म्हणून व्होल्टेज फारच कमी असेल तेव्हा ड्रायर नुसता हळू चालेल, पण गिरणीची मोटर जळू शकते. अशा वेळी गिरणी बंद ठेवलेली बरी.

प्लगाकडेही लक्ष द्या. छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. त्याच्यावरचं यंत्र त्या प्लगात लावायचं नाही. २००० वॅटच्या यंत्राला १६ अँपिअरचा मोठा प्लगच हवा. मोठी पिन छोट्या सॉकेटात घालायला जोडपिन वापरली, तर सॉकेट काळं पडलंच म्हणून समजा. प्लग, वायर किंवा बोर्ड हाताला गरम लागला, जळका वास आला, तर यंत्र बंद करा. तिथे रोध वाढलाय आणि वीज तापण्यात जातेय, असा त्याचा अर्थ.

आणि मोजायचं काम शिकलेल्या माणसाकडून करून घ्या. उघड्या तारेला, मीटरच्या आतल्या भागाला, खांबाला आपण हात लावायचा नाही. आपलं काम आकडे विचारायचं, लिहून घ्यायचं आणि हिशेब करायचं. त्याला शॉक लागत नाही.

आमच्या गटात आता प्रत्येक यंत्राजवळ एक वही टांगलेली असते. खेप लावताना मीटरचं रीडिंग, काढताना रीडिंग, किती तास लागले आणि ज्या दिवशी मोजलं असेल त्या दिवशीचं व्होल्टेज. ही वही वहिनीच लिहितात. मागच्या महिन्यात खेप पुन्हा अकरा तासांवर गेली, तेव्हा कुणी कुणाला बोललं नाही. वहिनींनीच वही पुढे केली, "तीन खेपा बघा, तास वाढत चाललेत. त्या मुलीला बोलवा." ड्रायरच्या प्लगाचा एक स्क्रू सैल झाला होता.

जाता जाता तुम्हांला घरचा अभ्यास. आज घरातली इस्त्री बंद असताना तिच्यावरचे वॅट वाचा. त्यांना २३० ने भागा, म्हणजे अँपिअर कळतील. मग २३० ला त्या अँपिअरने भागा, म्हणजे रोध कळेल. इस्त्री हजार वॅटची असेल तर धारा साधारण ४.३ अँपिअर आणि रोध साधारण ५३ ओहम येईल. जमलं तर शेजारणीला दाखवा, मुलींकडून करून घ्या. आणि पुढच्या वेळी घरात किंवा गटात कुणावर बोट उचलायची वेळ आली, तर आधी विचारा, मोजलंय का?